चौथ्या गिअरमधून एकदम

३ जून, सकाळी ६
आजपासून जिम. कारण व्याही. स्वतः सत्तरीचे, आणि अडुसष्टच्या मला सांगतात, वय झालं, आता गाडी मुलाला चालवू द्या. चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी! बायकोलाही मीच शिकवलं (दोन फाटकं गेली). जीव गेला तरी किल्ली सोडणार नाही.

४ जून
ट्रेडमिलवर वीस मिनिटं धावलो. लाल बटण दाबलं, ताडकन उतरलो. भिंती जरा हलल्या. हल्लीची बांधकामं. ट्रेनर म्हणतो, शेवटची पाच मिनिटं हळू चाला, मग थांबा. चालायलाच यायचं तर रस्ते काय ओस पडलेत? कामचोर.

७ जून
पुन्हा भिंती. खाली वाकून बुटाची लेस बांधण्याचं नाटक केलं. कुणाला पत्ता लागला नाही. ट्रेनरनं विचारलं, काका, चक्कर येते का. म्हटलं, तुझ्या बापाला येत असेल.

९ जून
बायकोला संशय. म्हणे बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर माझा विद्यार्थी. रिव्हर्समध्ये माझी कुंडी फोडली होती त्यानं. त्याला विचारू? तिनं बजावलं, एकदा जरी पडलात तर किल्ली माझ्याकडे. खुशाल कबूल केलं.

१२ जून
चार वेळा लेस बांधली. बाकी तब्येत ठणठणीत.

१४ जून, सकाळी ११
व्याही जिममध्ये टपकले. हेरगिरी, दुसरं काय! शेजारच्या मशीनवर मुंगीच्या पावलांनी चालत होते. मी वेग वाढवला. आणखी वाढवला. त्यांच्याकडे बघत बटण दाबलं, उतरलो, लेस बांधायला वाकलो. डोळे उघडले तेव्हा जमिनीवर होतो आणि माझे दोन्ही पाय व्याह्यांच्या मांडीवर. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

दुपारी
कुंडीफोड्या म्हणाला, धावता धावता एकदम थांबलं की रक्त पायातच राहतं, डोक्याला कमी पडतं. या वयात, त्यात गोळी, मग जास्तच. दवाखान्यात सोबत आलेल्या ट्रेनरनंही चोंबडेपणा केला. म्हणे काका रोज लेस बांधतात, पण बुटांना लेस कुठाय, चिकटपट्टी आहे.
बायको म्हणाली, चौथ्या गिअरमधून एकदम थांबायचं नाही, एकेक गिअर उतरवत यायचं, हे मला कुणी शिकवलं? आणि हात पुढे केला.
दिली.

१५ जून
बायकोनं पुढच्या तपासणीला नेलं. मी शेजारच्या सीटवर. तशी माझी जुनीच जागा, शिकवणाऱ्याची. पहिल्या वळणावर तिनं वेग कमी केला नाही म्हणून मी पाय दाबला. दाबतच राहिलो.
घरच्या गाडीत त्या बाजूला ब्रेक नसतो.