दुपारी येणारं भूत

थोरल्या,

शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटणार नाही, पण आपल्या घरात भूत आहे आणि ते भर दुपारी येतं. रात्रपाळीची बस डेपोत लावून तू घरी येऊन झोपलास, की ते तुझ्या उशाशी बसतं आणि नरडं धरतं. तुझं घोरणं एकदम बंद. वर्षभर आम्ही म्हणत आलो, "चला, गाढ झोपला!" आणि दार हळूच लोटून घेतलं. तिथेच चुकलो. काल मी पस्तीस आकडे मोजले, तेव्हा कुठे तू बुडत्या माणसासारखा हिसका देऊन श्वास घेतलास. जाताना भूत मला म्हणालं, "आता स्टिअरिंगवर डुलकी घेईल, तेव्हा भेटतो याला."

उठल्यावर डोकं ठणकतं, तोंड कोरडं पडतं, सिग्नलला डोळा लागतो, हे तूच सांगतोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत श्वास अडत असणार. अंगावर काढलं तर रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. मी तपासणीची वेळ घ्यायला चाललोय. तू आजारी आहेस असं डेपोत कळवलंय. बाइकची किल्ली माझ्या खिशात आहे, शोधू नकोस. जेव, आणि पुन्हा आडवा झालास तर कुशीवर झोप, पाठीवर नको.

तुझा बाप

ता. क. सूनबाईला हे वाचून दाखवलं. ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "बाबा, तुमचं कानाचं यंत्र आठवडाभर दुरुस्तीला आहे! भुताचं बोलणं ऐकलंत कसं? आणि रोज दुपारी त्याच्या नाकाशी तळहात धरून उशाशी कोण बसतं, ते मला दारातून दिसतं."