मागच्या दाराची काच

अव्वा,

गाडीला कुणाला हात लावू देऊ नको. बॅटरीची वायर काढून ठेवलोय, चावी माझ्यापाशी हाय. ड्रायव्हरच्या दाराचं स्विच आणायला एसटीनं लातूरला चाललोय.

काल शांभवी मागच्या खिडकीतून डोकं काढून वासरू बघत होती. मी बटनाला हातबी लावलो न्हाई, तरी काच आपोआप वर चढली. खाली करायला मी दाबूनच राहिलो, पण माझ्या बटनाचा करंट मागच्या दारापर्यंत पोचेचना. पोरीची मान अडकली होती अव्वा. तिनंच तिच्या दारचं बटन दाबलं, म्हणून काच उतरली.

स्विच खोललो तर आत वाळलेली इबूत, कपाळाला लावायचं भस्म. अमावस्येच्या पूजेला तू पाण्यात कालवून बटनावर बोटं ओढली होतीस, तीच. तुझ्या सुनेला मी 'गाडी धुताना पाणी गेलं' म्हणून सांगितलोय. तूबी तेच सांग, अन् रडत बसू नको. पुढच्या बारीला बोनेटवर लाव.

शांभवीला शाळेत पायीच सोड. मानेवरच्या वळाला खोबरेल लाव, पण काही विचारू नको. झोपेतबी ती माझा दंड अंगठ्यानं दाबून राहिली होती. बटन समजून.

अमरेश