जुन्या स्टेशनचा अर्ज, कलम सहा

१० नोव्हें., सोम.
गुडघा बरा. साखरेची गोळी घेतली की नाही आठवेना. ही म्हणते घेतली. सकाळी जुन्या स्टेशनवर जाऊन आलो. स्टेशन जपायला आम्ही काढलेल्या समितीनं अर्जाचं काम माझ्या गळ्यात घातलंय. समिती म्हणजे दातांचे डॉक्टर, एक निवृत्त प्राचार्य आणि मी. डॉ. म्हणाले, "भाऊसाहेब, अंबड तहसिलीत एकतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचलेत, आता एक लिहा." हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मला उतरता येत नाही. जुनी खोड.

मोठी लाइन गावाबाहेरून गेली आणि छोट्या लाइनचं हे स्टेशन शहराच्या मधोमध तसंच राहिलं. रूळ उचलून नेले, फलाट आहे. पार्सलच्या खोलीत धुरपताबाई राहते, इथल्या शेवटच्या हमालाची बायको. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. शेवटची गाडी गेली त्या दिवशी मास्तरांनी नवऱ्याच्या हातात किल्ल्या दिल्या होत्या, वरून कुणी येईपर्यंत बघ म्हणून. कुणी आलंच नाही. "पंखे चोरून नेल्ते वो. मंग मी सागवानी बाकडी आत घातली अन् कुलूप ठोकलं." तिकिटाच्या खिडकीची फळी अजून जागेवर आहे ती या बाईमुळे.

तिचं घराणं मूळचं मेंढरवाल्यांचं, त्यामुळे शेळ्या आल्याच. अकरा. पुढं पळते ती एक्स्प्रेस, मागं रेंगाळते ती पॅसेंजर. हसून पुरेवाट झाली. शेळीच्या दुधाचा चहा दिला. वास येतो, पण प्यालो. दोन पानं टिपणं निघाली, सगळी तिच्या तोंडची.

१४ नोव्हें., शुक्र.
अर्ज तयार. मागण्या सात: वाचनालय, बाग, फलाटावर छोट्या लाइनचं एखादं इंजिन, छताची दुरुस्ती वगैरे. डॉक्टरांच्या दवाखान्यात वाचून दाखवला. "छान आहे, पण शाळेतला निबंध वाटतो." लागलं मला. म्हटलं थांबा, मीठ घालतो. नुसतं मागणाऱ्याला हापिसात कुणी विचारत नाही. तक्रार असली की टपाल हलतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. जागेवरच सहावं कलम घातलं, बाकीच्या मागण्या खाली सरकवल्या:

"६) सदर इमारतीत अनधिकृत इसमाचे वास्तव्य असून तेथे जनावरे (शेळ्या, नग ११) बांधली जातात. त्यामुळे वास्तूचे विद्रूपीकरण होत आहे. तरी तातडीने कार्यवाही व्हावी."

प्राचार्यांनी मान डोलावली. डॉ. म्हणाले, याला म्हणतात हात! तिघांच्या सह्या, पहिली माझी.

घरी येऊन हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "अन् ती बाई कुठं जाईल?" म्हटलं, अगं नुसतं कलम आहे. कोण वाचतंय.

२४ नोव्हें., सोम.
जिल्ह्याच्या हापिसातून अर्जाची पोच आली. थंडी वाढलीय. स्टेशनवरून फिरून आलो. धु.बाईनं लांबूनच हात केला: "भाऊसाहेब, इतिहास झाला का लिहून?" झाला म्हटलं. "त्यात ह्यांचं नाव घातलं ना?" तिच्या नवऱ्याचं. घातलंय म्हणालो. घातलं नव्हतं. अर्जात हमालाचं नाव कुठं घालणार?

१५ डिसें., सोम.
उत्तर आलं. एवढ्या लवकर कधी येत नाही. "मागणी क्र. १ ते ५, ७ व ८: निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल. मागणी क्र. ६: कार्यवाही सुरू करण्यात आली आहे."

आठातलं एकच हललं, आणि ते मी चवीपुरतं घातलेलं.

डॉ. खूश. "काहीतरी हाललं की!" पेढे आणले होते त्यांनी. मी साखरेचं कारण सांगून हात मागे घेतला. संध्याकाळी फिरायला दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

१७ डिसें., बुध.
दहाच्या सुमारास धु.बाई दारात. पदराखाली कागद. "भाऊसाहेब, दाराला चिकटवून गेल्ते. वाचून द्या."

नोटीस. जागा खाली का करू नये याचा खुलासा द्या, ६ जानेवारीला सुनावणी. सगळं वाचून दाखवलं. एक ओळ सोडून. "परिसरातील नागरिकांच्या तक्रारीवरून", एवढी. डोळे त्या ओळीवरून गेले आणि तोंडानं पुढची ओळ वाचली. एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. अडाणी माणसाला कागद वाचून दाखवताना गाळायचं नाही, नव्या पोरांना हेच तर मी शिकवत आलो.

"कोन्या मेल्यानं अर्जी केली वो?"
"त्यात लिहिलेलं नाही," म्हणालो.
"ज्यानं केली त्याचं वाटोळं होईल." मग, "आता जवाब तुम्हीच लिहून द्या. तुमच्यावानी कोन लिहितं?"

हो म्हणालो. ती गेल्यावर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघून परत आत गेली.

१९ डिसें., शुक्र.
खुलासा लिहितोय. लाज वाटते, पण इतका चांगला कागद माझ्या हातून आजवर उतरला नसेल. किल्ल्या कुणी दिल्या, बाकडी कुणी राखली, सगळं क्रमानं घातलं. टिपणं तीच, नोव्हेंबरातली. अनधिकृत इसम पुसून "विनावेतन राखणदार" केलं की झालं.

ही म्हणाली, "अहो, दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहिलात. आधी जाऊन सांगा तिला." चिडलो. नको ते बोललो. ही शांतपणे म्हणाली, लग्न होऊन त्या फलाटावर उतरले तेव्हा माझं जोडवं गर्दीत पडलं होतं, ते कुणी शोधून आणलं आठवतंय का? मला आठवत नव्हतं. धु.बाईच्या नवऱ्यानं.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. कलम सहा मागे घेऊ म्हटलं. "आता माघार घेतली तर सगळंच बोंबलेल, भाऊसाहेब. आणि खोटं काय लिहिलंय त्यात?"
काहीच खोटं नाही. तेच तर.

२१ डिसें., रवि.
खुलाशावर धु.बाईचा अंगठा घ्यायला स्टेशनवर गेलो. शेळ्या नव्हत्या. एक पॅसेंजर तेवढी दाराशी. बाकीच्या भावाबरोबर घनसावंगीला लावून दिल्या म्हणाली. "साहेब लोक बघायला आले अन् जनावरं दिसली तं? नकोच ते लचांड." दाराभोवती चुना लावला होता. तूर निवडत बसली होती.

कागद वाचून दाखवला. शब्दन् शब्द, या वेळी काही गाळलं नाही. ऐकताना डोळ्याला पदर लावला. "बराबर लिहिलं. बिलकुल असंच झाल्तं."

मग सांगून टाकलं. तो अर्ज माझा. ते कलम माझं. शेळ्या नग अकरा, तेही माझं.

ती तूर निवडत राहिली. मला वाटलं शिव्या देईल, अंगावर येईल. त्याची तयारी करूनच गेलो होतो. ती म्हणाली, "मी तवा शेळीच्या दुधाचा चहा दिल्ता. त्याचा राग आल्ता का?"

नाही हो, म्हणालो.

"मंग काय चुकलं व्हतं माजं?"

काय सांगू? डॉक्टरांनी निबंध म्हटलं म्हणून? आपण किती हलके आहोत ते आज कळलं. सत्तरी आली तेव्हा.

शाईचा डबा तिनंच पुढं ओढला. अंगठा दिला. "दुसरा कोन हाय लिहिनारा," एवढंच. चहा विचारला नाही.

६ जाने., मंगळ.
सुनावणी. एस.टी.नं जिल्ह्याला गेलो, ती पुढं बायकांत, मी मागं. सुनावणीला मॅडम होत्या, तरुण, बोलायला अदबशीर. त्यांनी आमचा अर्ज आणि बाईचा खुलासा शेजारी शेजारी ठेवला, चष्मा वर केला.

"दोन्हींवर अक्षर एकच दिसतंय."
मी उभा राहिलो.
"काका, तुम्ही तक्रारदार की या बाईंकडून?"
"तक्रारदार."
"मग हा खुलासा?"
"तोही मीच लिहिलाय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, यातलं खरं कुठलं? म्हटलं, दोन्ही खरे आहेत. शाई माझी, अक्षर माझं, काय वेगळं सांगणार होतो? सहावं कलम तेवढं काढून टाकतो म्हणालो. तसं होत नाही म्हणाल्या. अर्ज एक आहे, मागे घ्यायचा तर सगळा. मग स्टेशनचा विषय इथंच बंद. इमारत धोकादायकच्या यादीत आहे, पुढं पाडायची की काय ते वरून ठरेल. अर्ज राहिला तर जागा खाली करून घेण्याची कार्यवाही पुढं चालेल. पुढची तारीख महिन्याअखेरची. पहिली सही तुमची आहे, त्याआधी तुम्हीच लेखी द्या.

म्हणजे वाचनालय हवं तर बाईला बाहेर काढा. बाईला राहू द्यायचं तर ती भिंती पडेपर्यंतच राहील. आणि हे मी ठरवायचं, मी!

स्टँडवर उतरल्यावर धु.बाई पहिल्यांदा बोलली.
"भाऊसाहेब, तुम्ही अर्जी माघारी घेता का न्हाई?"
"उद्या सांगतो."
"उद्या म्हंजी हापिसातलं उद्या का खरं?"
खरं म्हणालो.

७ जाने., बुध.
डॉ. तीनदा फोन. उचलला नाही. प्राचार्यांनी निरोप ठेवलाय: भावनेच्या भरात काही करू नका, शहराचा प्रश्न आहे. शहराचा आहेच. छोट्या लाइनची निशाणी म्हणून एवढी एकच इमारत उरलीय, मलाही ती पडलेली बघायची नाही. तिथं पोरं वाचत बसलेली मी डोळ्यांपुढं आणली होती, अजून येतात.

माघारीचा अर्ज लिहून काढला. चार ओळी. मीठमसाला काही नाही. ही शेजारी बसली होती, वाचून म्हणाली, "बरोबर आहे. सही?" म्हटलं, करतो. पेन उघडून ठेवलंय, अर्धा तास झाला. ही उठून दाराशी गेली होती, आता परत आली. म्हणते, धुरपताबाई आल्यात, ओट्यावर बसल्यात. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या.