पंधरा दिवस नव्हेत

१२ फेब्रुवारी १९६२

सुदामाने कौसल्येला लिहिलेले पोस्टकार्ड आज पेटीत टाकण्यासाठी माझ्या हाती दिले. उघडे कार्ड, वाचले. मुलाने बहिणीस लिहिलेला मजकूर वडिलांनी वाचू नये असे कोठे लिहिलेले नाही. मजकूर असा : "बाबाला गॅस झाला होता पंधरा दिवसापासून. डाक्टरनी तपासलं आता आराम आहे काळजी नको."

विरामचिन्हांचे सोडून देतो. चुका वस्तुस्थितीच्या आहेत. गॅस हे डॉक्टरांचे मत, माझे नव्हे. तपासले नाही. मेजापलीकडून पाहिले, जीभ दाखवण्यास सांगितले, मिश्रण लिहिले. पोटासाठी गेलो होतो, पोटास कोणाचा हात लागला नाही. आराम नाही. आणि हे पंधरा दिवस कोठले? गेल्या दसऱ्यास दीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला जाऊन आलो, तेव्हापासून जेवल्यावर बरगडीखाली दगड ठेवल्यासारखे वाटते. हा पाचवा महिना चालू आहे.

कार्डाच्या कडेला थोडी जागा उरली होती. "वरील मजकुराशी मी सहमत नाही. — तुझे बाबा" एवढे लिहून टाकले.

१५ फेब्रु.

मिश्रण संपले. पांढरे, पुदिन्याच्या वासाचे, बाटलीला मात्रांची कातरलेली कागदी पट्टी. परिणाम काही नाही. चार घासांत पोट भरते, मग दुपारभर तो दगड. यशोदा ताट उचलताना उरलेल्या भाकरीकडे पाहते. सून म्हणून बोलत नाही.

१९ फेब्रु.

सुदामाची रात्रपाळी होती. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनवरून, कोळशाच्या भट्टीवरून, आला तो काळाठिक्कर, आंघोळ करून झोपला. त्याला न उठवता एकटाच कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर उतई गावाहून सायकलने येणारा तरुण आहे, वागणुकीने वाईट नाही. "कार्डवाला कहाँ है, बाबा?" दवाखान्याचे कार्ड कामगाराच्या, म्हणजे सुदामाच्या नावाचे. तो बरोबर नसेल तर मी कोणाचाच कोणी नाही.

परत न येता बाकावर बसून राहिलो. एक शंका होती, ती पडताळायची होती. शाळेत मी मास्तर असतानाही माठातले पाणी दुसऱ्याने ओतून देईपर्यंत उभा राहिलेला माणूस आहे. न शिवता काम उरकण्याची कला मी लांबून ओळखतो. आडनाव कार्डावर स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून पाहत बसलो, डॉक्टर कोणाच्या अंगाला हात लावतात आणि कोणाच्या नाही.

कोणाच्याच नाही. लेखाविभागातले एक जानवेधारी बाबू आले, पोट धरून आले. तेही जीभ दाखवून बाटली घेऊन गेले. एक बाई कडेवर तापाने फणफणलेले मूल घेऊन होती. कपाळावर हात तिनेच ठेवला होता, डॉक्टरांनी नाही. रांग दारापासून कडुलिंबापर्यंत. डॉक्टर मान वर करत नाहीत.

शंका मागे घेतो. लिहून ठेवणे भाग आहे. रागावण्यास एक कारण होते, तेही गेले.

२३ फेब्रु.

लाकडाच्या टालीवर गेलो होतो. मोठ्या काट्यावर उभा राहिलो. टालवाला हसला : "गुरुजी, गीली लकड़ी आए थे, सूखकर जलाने लायक हो गए." मग काटा पाहून हसणे थांबवले. नागपूरला जाण्यापूर्वी याच काट्यावर उभा होतो. तेव्हापासून एका लहान पोत्याइतका कमी झालो आहे. धोतराला पूर्वी दोन निऱ्या कमी पडत, आता तितक्याच जास्त होतात.

२७ फेब्रु.

शौचास काळे. नव्या सडकेवर ओततात त्या डांबरासारखे. दोन दिवस तसेच.

यशोदेला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. सुदामाला सांगितली. तो बूट घालत होता, वर पाहिले नाही.

"गूळ खाल्ला असन, बाबा."

गूळ खाल्लेला नाही.

"मंग ते औषधाचं असन."

औषध पांढरे होते, असे म्हणालो. कारखान्याचा भोंगा झाला. तो सायकल घेऊन गेला.

२ मार्च

आज सुदामा बरोबर आला. डॉक्टर तेच. मागची चिठ्ठी वाचून म्हणाले, "वही पंद्रह दिन वाली गैस."

मी म्हणालो, "जी नहीं. यह अवधि ठीक नहीं है." हिंदी मी पुस्तकातून शिकलो, बोलताना तशीच येते. डॉक्टरांनी प्रथमच मान वर केली. पण माझ्याकडे नाही, सुदामाकडे पाहिले.

"पंद्रह दिन ही है, साहब," सुदामा म्हणाला. "बाबा को याद नहीं रहता."

मला आठवत नाही, असे.

डॉक्टर म्हणाले, या वयात सर्वांचेच असे होते. कम खाओ, टहला करो. तेच मिश्रण. चिठ्ठीवर मागच्यावरून उतरवलेले पुन्हा : पंधरा दिवस. पहिल्या भेटीस पंधरा, आजही पंधराच. त्या चिठ्ठीवर मी म्हाताराही होत नाही आणि मरतही नाही.

क्वार्टरच्या दाराशी आलो. सुदामा कुलूप काढता काढता :

"तुमाले काय माहीत हाय, बाबा? क्रेनवरचा मेश्राम सांगत होता. गावाहून आणलेली जुनी बिमारी कारखाना घेत नाई. नाव कापते कार्डावरून. आन् मी अजून पर्मनंट झालो नाई. साहेबाच्या ध्यानात आलं की यानं बिमार बाप आणून कार्डावर चढवला, त मंग?"

मेश्रामाने हे कोठे वाचले, असे विचारले.

"वाचलं नाई. आयकलं."

"आजार येथेच सुरू झाला. मी येथे तीन वर्षे आहे."

"ते तुमी म्हणता. नागपूरहून आल्यावर, असंच सांगता ना सगळ्याले? नागपूर मनल्यावर ते काय समजतीन?"

त्याचे म्हणणे मूर्खपणाचे आहे, पण नागपूरचा सांधा त्यात बरोबर बसतो.

६ मार्च

बोलणे बंद आहे. तो कामावर जातो, येतो. मी बाहेर खाटेवर बसून धुराड्याचा धूर कोणत्या दिशेस जातो ते पाहतो. क्वार्टर मिळाले तेव्हा त्याने मला प्रथम नळ दाखवला होता. "आपला नय. कोनाले इचारा लागत नाई." तोटी सोडून, बंद करून, पुन्हा सोडून दाखवली. ते जाण्याची भीती त्याला आहे. माझ्या पोटात काय आहे त्याची भीती मला आहे. दोन्ही खऱ्या असतील तर काय करायचे ते...

९ मार्च

पॉवर हाऊस वस्तीच्या बाजारात एक खाजगी डॉक्टर बसतात. गेलो. सदऱ्यावरूनच नळी लावली, तीही छातीला. पोट म्हणालो तर म्हणाले, सब हवा है. एक सुई दिली. अंगभर उष्णता पसरली आणि ओसरली. येताना दोनदा बसावे लागले.

अंघोळीच्या वेळी स्वतःच चाचपले. बेंबीच्या वर, किंचित डावीकडे, काहीतरी घट्ट आहे. दाबले तर सरकत नाही. माझी बोटे शिकलेली नाहीत, म्हणून यावर विश्वास ठेवत नाही. ज्याची शिकलेली आहेत त्याने एकदा ठेवावीत.

१४ मार्च

दुपारी मोठी उलटी. मोरीपर्यंत पोचलो नाही. तीत काल सकाळचा भात होता, जसाच्या तसा. यशोदेनेच पुसले. मी म्हणालो, राहू दे, मी पाणी टाकतो. ती म्हणाली, "बसा, मामाजी." इतकेच. पण फडके पिळून झाल्यावर दारात उभी राहिली ती सुदामा येईपर्यंत.

तो सायकलवरून उतरला नव्हता तोच यशोदा :

"पंधरा दिवस कोनं सांगतले डाक्टरले?"

"हळू बोल."

"कावून हळू? शेजाऱ्याले आयकू येते म्हून? त्या मेश्रामाले बी बोलवा. पंधरा दिवसाचं म्हनता, मी किती दिवसापासून मामाजीचं उरलेलं ताट उचलून राहिली ते मले इचारलं कोनी? अर्धी भाकर गाईले घालतो मी रोज. ती गाय पाहा कशी झाली अन् हे पाहा कसे झाले."

सुदामा म्हणाला, "नोकरी गेली मंग?"

"मंग गावाले जाऊ. तिथं बी मीच भाकरी थापतो, इथं बी मीच थापतो. तुमी उद्या बापाले घेऊन जा, नाई त कार्ड माह्यापाशी द्या."

ती माझ्यासमोर इतकी कधी बोलली नव्हती. मी भिंतीकडे पाहत होतो. तिचे व्याकरण मनातल्या मनातही दुरुस्त केले नाही.

१५ मार्च

तिघेही गेलो. यशोदा दारातच थांबली, पदर दातात.

डॉक्टर चिठ्ठी उचलू लागले. सुदामा म्हणाला, "साहब, वो पंद्रह दिन मैंने गलत लिखाया था. पाँच-छह महीने से है." आणि मग, कोणी विचारले नसताना, "गाँव की बीमारी नहीं है. यहीं शुरू हुई. नाम मत काटिए."

"नाम? कौन काटता है नाम?"

"ऐसा बोलते हैं."

"कौन बोलता है?"

सुदामाने मेश्रामाचे नाव सांगितले नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, असा नियम त्यांनी कधी ऐकलेला नाही. मग काळे होते का, उलटी होते का, वजन, असे एकामागून एक. मी सांगितले. त्यांनी खुर्ची मागे सारली. "लेटिए, बाबा."

बाकावर झोपलो. सदरा वर केला. हात गार होता. प्रथम तळवा सपाट, मग बोटे, मग त्याच जागी पुन्हा. बेंबीच्या वर, किंचित डावीकडे. बाहेर रांगेत कोणी खोकत होते. हात तेथेच होता.

इतके दिवस ज्यासाठी भांडलो ते मिळाले. तो हात लवकर निघाला असता तर बरे झाले असते.

मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. पांढरे औषध पाजून पोटाचा फोटो काढतील, नंतर सर्जन पाहतील. मी विचारले, काय आहे? "फोटो के बाद." या वेळी 'गैस' म्हणाले नाहीत. जुन्या चिठ्ठीवरचे पंधरा दिवस स्वतः खोडले. सुदामाला म्हणाले, सर्जनसाहेब विचारतील. कधीपासून काय, सगळे तारखेसह लिहून आणा. मग माझ्याकडे वळून, "आप ही लिखिए. आप ठीक लिखेंगे."

१८ मार्च

फोटो २१ तारखेस, उपाशी पोटी.

संध्याकाळी यादी लिहावयास बसलो. पहिली ओळ लिहिली : प्रारंभ, दसरा १९६१. सुदामा सुट्टीवर, शेजारी खाटेवर. बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही. त्याने कागद उचलून वाचला. ठेवला.

"हे चुकलं, बाबा."

माझी तारीख चुकली, असे या घरात मला आजवर कोणी म्हटलेले नाही.

"दसऱ्याले नाई. त्याच्या आंधी. वैशाखी पौर्णिमेले. कौसल्याबाई आलती, मोठ्या पातेल्यात खीर केलती. तुमी वाटी घेतली, एक चमचा खाल्ला, न् वाटी मांगं सरकवली. सगळे वंदनेले उभे झाले त तुमी बसूनच होते. म्हनले, गोड झाली जास्त."

गोड झाली होती, म्हणालो.

"नाई. मी तुमची उरलेली खाल्ली. साखर कमीच होती."

मी त्याच्याकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"मले तवाच वाटलं होतं. मनलं, आपलं मनच खोटं. मंग कोनी इचारलं की पंधरा दिवस, असंच तोंडातून निघे. आपन पंधराच मनलं त पंधराच राह्यते, असं वाटे."

यशोदा आत चूल फुंकत होती. फुंकणे थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

मी पहिली ओळ खोडली आणि त्याच्या हाती टाक दिला. त्याने लिहिली. ऱ्हस्वदीर्घ तसेच राहू दिले. खालची प्रत माझ्यासाठी.

तारखा, दुरुस्त करून :

प्रारंभ — वैशाख पौर्णिमा, १९६१. (दसरा नव्हे. सुदामाच्या साक्षीने.)

जेवणानंतर दगड — दसरा १९६१ पासून रोज.

दवाखान्यात प्रथम — ८ फेब्रुवारी १९६२. तपासणी नाही.

काळे — २६ व २७ फेब्रुवारी. पुन्हा १० मार्च.

दुसरी भेट — २ मार्च. तपासणी नाही.

जुन्या अन्नाची उलटी — १४ मार्च. पुन्हा काल.

पोटास प्रथम हात — १५ मार्च.

पंधरा दिवस — कधीही नाहीत.

फोटो — २१ मार्च.

निदान —

येती वैशाख पौर्णिमा मे महिन्यात आहे. यशोदेने आताच विचारले, यंदा खिरीत साखर किती घालायची. ही तारीख डॉक्टरांच्या कागदावर घेतलेली नाही.