मच्छिंद्रचं उत्तर

११ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज पहाटे पाचला उठून सोळा ओळी लिहायच्या. आज साडेनऊला उठलो, कारण संकल्प उठल्यावर सुचला.
मुख्य मुद्दा असा की मच्छिंद्रचं नवं गाणं बावीस लाख लोकांनी ऐकलं. येरवड्याचा मच्छिंद्र. ज्याला मी घडवलं. २०२१ साली झेड ब्रिजवर आम्ही दहा-बारा जण गोल करून रॅप करायचो, तेव्हा त्याला पहिल्यांदा 'पुढे सरक' असं मीच म्हणालो होतो. तो माझ्या पायावर पाय देऊन उभा होता, पण त्यानं अर्थ बदलत नाही.
काल मुलाखतीत त्यानं सगळ्यांचे आभार मानले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचेसुद्धा. एमसी वज्रघोष हे नाव त्यात नाही. एमसी वज्रघोष म्हणजे मी. आता युद्ध.

१७ नोव्हेंबर, रविवार
डिस ट्रॅक अपलोड केला. 'मत्स्यवध'. साडेसात मिनिटं. कठीण शब्दांचे अर्थ खाली तळटीपांत दिलेत, कारण समोरची पार्टी मच्छिंद्र आहे.
रेकॉर्डिंग आईच्या रजयांच्या कपाटात बसून केलं. आई गेल्यापासून ते कोणी उघडत नाही. आवाज अजिबात घुमत नाही.
बाबांनी विचारलं, आत काय चाललंय. समजावून सांगितलं की एकानं गाण्यातून दुसऱ्याची इज्जत काढायची, मग दुसऱ्यानं उलट गाणं करून पहिल्याची काढायची, आणि यातून दोघं मोठे होतात. बाबा म्हणाले, "आणि दुसऱ्याला वेळ नसेल तर?"
रिटायर्ड लोकांना कलेतलं कळत नाही.

२४ नोव्हेंबर
एकसष्ट व्ह्यूज. त्यातले चाळीसेक माझे, पण ते मी प्रेक्षकाच्या नजरेनं बघितले, म्हणून धरायला हरकत नाही.
उत्कर्षानं खराडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये ऐकलं. "लांब आहे," म्हणाली. मग म्हणाली, आवाज छान लागलाय. बायको असावी तर अशी. मी नोकरी सोडून पूर्णवेळ कलेला वाहून घेतलं त्याला आता तीन वर्षं होतील, पण एका शब्दानं कधी बोलली नाही.
मच्छिंद्र गप्प. घाबरलाय.

१ डिसेंबर, रविवार
मच्छिंद्रनं कुत्र्याचा फोटो टाकला. म्हणजे मला उत्तर? चारदा झूम केलं. कुत्राच आहे.
पहाटे उठणं पुढच्या महिन्यापासून. थंडीत घसा बसतो.

९ डिसेंबर, सोमवार
विचारान्ती ठरलं. टाळी एका हाताने वाजत नाही, तर दुसरा हातही आपणच पुरवावा. मच्छिंद्रच्या वतीनं माझ्यावरचा डिस ट्रॅक मीच लिहिणार, मच्छिंद्रच्या ढंगात गाणार, फोनवर आवाज जाड करणार आणि खोट्या अकाउंटवरून 'मच्छिंद्रचं लीक झालेलं गाणं' म्हणून सोडून देणार. लोक म्हणतील, मच्छिंद्र चिडला. कोणावर? वज्रघोषवर. मग मी दुसरं गाणं काढून त्याला संपवणार.
लिहायला बसलो. त्याच्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम हलकं लिहिलं, संस्कृत काढून टाकलं. वीस मिनिटांत झालं. 'मत्स्यवध'ला सहा दिवस लागले होते, यावरूनच दर्जातला फरक कळतो.

सदाशिव पेठेत वाढला, म्हणतो मी रस्त्यावरचा,
रस्ता फक्त ओलांडलाय, हात धरून आईचा.

बायको कमावते, हा गॅलरीत बसून क्रांती करतो,
दुपारची झोप मोडली की सिस्टिमवर राग धरतो.

नोकरी सोडली म्हणतो, नोकरीनं सोडलं याला,
घरात सगळ्यांना ठाऊक, कळत नाही फक्त याला.

असंच पुढे. अर्थात हे सगळं मच्छिंद्र काय म्हणेल त्याचा अंदाज. वस्तुस्थिती वेगळी आहे.

१४ डिसेंबर, शनिवार
चार लाख.
चार लाख!
कॉमेंट्स वाचतोय. 'मच्छिंद्रनं मेलेल्याला मारलं.' 'कोण आहे हा वज्रघोष, बिचारा.' 'आईचा हात वाली लाइन म्हणजे खल्लास.' माझ्या 'मत्स्यवध'वरही लोक येतायत. हसायला येतायत, पण येतायत. व्ह्यूज चौदा हजार.

१६ डिसेंबर, सोमवार
मच्छिंद्रनं जाहीर केलं की हे गाणं त्याचं नाही, पण ज्याचं आहे त्याच्या तो पाया पडतो. कोणी विश्वास ठेवेना. लोकांना तो विनय वाटला.
दुपारी त्याचा खोट्या अकाउंटवर मेसेज: 'भाऊ, तुम्ही कोण? असं लिहिणारा पुण्यात दुसरा नाही.' मी ते नऊ वेळा वाचलं. स्पष्ट लिहायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं.
उत्तर दिलं: 'मी स्वतः वज्रघोष आहे.'
त्यानं हसणारे सात चेहरे पाठवले. खाली लिहिलं: 'भाऊ, तुमचे जोकपण भारी. त्याला एवढी अक्कल असती तर काय पाहिजे होतं.'

२३ डिसेंबर
मच्छिंद्रनं विचारलं, हे गाणं स्टेजवर गाऊ का. मी 'गा' म्हटलं. शेवटी मोठ्या मनाचा माणूस मीच. शिवाय योग्य वेळी सत्य बाहेर येईलच.
दुसरं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या. एक खोडली.

५ जानेवारी, रविवार
गाणं सगळीकडे. रिक्षात. सलूनमध्ये. आज बाबा दाढी करताना 'सिस्टिमवर राग धरतो' गुणगुणत होते, मला बघून नळ मोठा केला.
उत्कर्षा आठवडाभर नीट जेवत नाहीये. का ते आज कळलं. कंपनीत तनुजा म्हणून तिची मैत्रीण आहे, तिनं लंचला ती बायकोची ओळ म्हटली. उत्कर्षानं सगळ्यांदेखत तिला झापलं, माझा नवरा कलाकार आहे, त्याला बोलायचं काम नाही, आणि डबा तसाच टाकून उठून गेली. आठ वर्षांची मैत्री तुटली. हे सांगताना ती रडली. म्हणाली, तो मच्छिंद्र माणूस नाही, राक्षस आहे, घरातलं इतकं त्याला सांगितलं कोणी.
मला तिची दया आली. आणि खरं म्हणजे राहवेना. बावीस लाखांच्या वर गेलेलं गाणं, आणि घरच्या माणसाला कर्ता माहीत नसावा? फोन काढला, खोटं अकाउंट दाखवलं, कपाटातलं मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं. ही बघ गाण्याची वही, ही तारीख. म्हटलं, सगळं पुणं ज्याला डोक्यावर घेतंय तो तुझा नवरा आहे.
तिनं वही हातात घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खाडाखोडीसकट. मला वाटलं आता मिठी मारेल.
"म्हणजे तुला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.
मी म्हटलं, अगं तो फक्त अंदाज.
ती ओरडली नाही. "मला वाटायचं तुला कळत नाहीये. तीन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले, त्याला कळत नाही, कळलं की करेल काहीतरी. तू कळून बसला होतास, सौमित्र."
मी यमकाबद्दल काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

६ जानेवारी
उत्कर्षा लोणी काळभोरला, माहेरी. बॅगा दोन. बाबा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन पेपर वाचत बसले. तो कालचा होता.
कलावंताला एकांत लागतोच. पहाटे पाचचा संकल्प आता सहज जमेल.

१९ जानेवारी, रविवार
उत्कर्षा फोन उचलत नाही. दुसरं गाणं अजून एकाच ओळीवर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
वाघोलीला एका कॉलेजच्या फेस्टला मच्छिंद्रचा शो. गेलो. ठरवून गेलो होतो की गाण्याच्या मध्यात स्टेजवर चढायचं आणि माइक घेऊन सांगायचं. वहीसुद्धा बरोबर नेली.
त्यानं पहिली ओळ घेतली आणि बाकीचं गायचं थांबवलं. गरज नव्हती. तीन-चार हजार पोरं एका आवाजात म्हणत होती, प्रत्येक शब्द, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा मी लिहिल्यासारखं. माझं लिहिलेलं आजवर कोणाला पाठ नव्हतं. मलाही नाही. मी इतका सुखी कधीच झालो नव्हतो, आणि वही पिशवीतून काढलीच नाही.
शेजारच्या मुलीला माझं तोंड मिटलेलं दिसलं. तिला वाटलं, काकांना गाणं माहीत नाही. कानाशी येऊन समजावून सांगू लागली की हा वज्रघोष म्हणून एक रॅपर आहे, त्याच्यावर आहे हे. मग म्हणाली, म्हणजे खरा नाहीये तो, बनवलेला आहे, ते 'मत्स्यवध'सुद्धा मच्छिंद्रच्या लोकांनीच मुद्दाम वाईट करून टाकलंय.
मी विचारलं, खरा नाही कशावरून.
"काका, असा माणूस खरंच असता तर बायकोनं ठेवला असता का?"
मी म्हटलं, नसता ठेवला.