वरच्या टाकीत पाणी नाही

६ मे
मग तूच सांग, काय चुकलं माझं? पाणी येणार म्हटलं, तर येणारच होतं ना! टेकडीच्या टोकाला टाकी बसवायची म्हणजे कुणाचं तरी अंगण जाणार. सुमनकाकीचं गेलं. कथा लिहायचं सोडून मीच पटवलेलं तिला. "काकी, पहिलं पाणी तुला." आज नळ आहे तिच्या दारात. पाणी नाही. आणि अख्खं आंबिवली मलाच बघतंय असं वाटतंय.

८ मे
पंप चालू. राजूदादा प्लंबर खाली, मी वर टाकीला कान लावून. थोडं गुरगुरलं, मग गप्प.
"पंप ओके आहे," राजूदादा. "मधेच कुठेतरी जातंय."
पाईप एकच. वाटेत खालच्या घरांचे नळ, शेवटी टाकी. सगळा चेक केला, लीकेज नाय.
काकी हंडा घेऊन आमच्या दारावरून उतरली. गुडघा धरून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

९ मे
कळलं. नळ उघडे आहेत. सगळ्यांचे. कायम.
इतकी वर्षं पायथ्याच्या सार्वजनिक नळाला वेळी-अवेळी पाणी यायचं, म्हणून तो उघडाच, खाली पत्र्याचा डबा. डबा वाजला की सगळे पळत. आता घरोघरी नळ, घरोघरी डबा. पिंप भरलं की बादल्या, बादल्या भरल्या की गोधड्या धुवा. वर काय चढणार, डोंबल?

१० मे
आईशी वाजलं.
"बंद कर ना आई."
"मग पाणी आलेलं कळणार कसं?"
"अगं, उघडलं की येईल!"
"तुझ्या कथेत येत असेल."
काकीचा निरोप: उद्या पाणी चढलं नाही तर जावई येऊन टाकी उतरवणार. बरोबरच आहे तिचं.

११ मे
खालच्या आळीत घरोघरी सांगून आले. आजचा दिवस नळ बंद ठेवा, टाकी भरली की सगळ्यांना कधीही पाणी. हसले.
"वर गेलेलं पाणी काकी सोडेल कशावरून?"
"ए लेखिका, आधी आईचा बंद कर!"
केला. घट्ट. आई पिंपाशी उभी, हात कमरेवर. उभ्या उभ्या लिहितेय. पंप सुरू झाला. बाकीचे नळ? माहीत नाही. मी गेल्यावर हीच उघडेल का, तेही
"अगं ऐक—" आई.
नाही ऐकत. वर चाललेय काकीकडे.