एकट्या माणसाने घोडी ट्रेलरमध्ये चढवणे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
बायकोचा फोन. घोडी पाठवून द्या म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आजवर मला 'तू' म्हणायची. आज पहिल्यांदाच 'तुम्ही'. थोडे दिवस लांब राहिलं की बायकांच्या मनात आपल्याबद्दल आदर वाढतो.

तीन आठवड्यांपूर्वी ती हवापालटासाठी बहिणीकडे गेली. जाताना दोन सूटकेस, शिलाई मशीन आणि थंडीचे सगळे कोट घेऊन गेली. उन्हाळा तोंडावर असताना कोट. पण तिची तयारी पहिल्यापासून अशीच जय्यत.

घोडी तिचीच. अकरा वर्षांपूर्वी शिंगरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेली. मीच येऊन घेऊन जाते म्हणत होती. मी म्हटलं, काही गरज नाही, शनिवारी मी स्वतः आणून पोचवतो. एकशे चाळीस किलोमीटर, तीन तास. बेत असा: घोडी उतरवायची, बायकोला भरून येणार, मग मशीन, कोट आणि घोडी परत त्याच ट्रेलरमध्ये टाकायची आणि बायकोला शेजारी बसवून घरी. परतीची गाडी रिकामी आणायची नाही, हा आमच्या गोडाऊनचा नियम.

फर्निचर कंपनीत सव्वीस वर्षं डिस्पॅच सुपरवायझर होतो. पियानो चढवले, तिजोऱ्या चढवल्या. घोडी म्हणजे साडेचारशे किलो माल, तोही स्वतःच्या पायांनी चालणारा. एका माणसाचं काम. वीस मिनिटं धरू.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११
खाटकाकडून ट्रेलर आणला. धुऊन दिलाय असं तो म्हणतो. रॅम्प खाली टाकला, घोडीच्या तोंडाला मोरकी घातली, गाजर दाखवलं. तिने पुढचे दोन पाय रॅम्पवर ठेवले, सहा गाजरं खाल्ली आणि पाय मागे घेतले. म्हणजे पन्नास टक्के घोडी चढली. पहिल्या प्रयत्नात पन्नास टक्के वाईट नाही.

दुपारी १२.३०
आणखी नऊ गाजरं. पुन्हा पन्नास टक्के. गाजरं संपली.

संध्याकाळी ५
तिने माझ्या पायावर पाय दिला. अंगठ्याचं नख काळंनिळं. मुद्दाम नसावं. शेजारी कुंपणाला टेकून चहा पीत बघत होता. हा निवृत्त बस ड्रायव्हर, त्याला दुसरा उद्योग नाही. मदत करू का म्हणाला. मी सांगितलं, सध्या सराव चाललाय.

५ मार्च, बुधवार
नालबंद आला होता, नाल बघायला. ट्रेलरमध्ये डोकावला आणि म्हणाला, याला रक्ताचा वास येतोय. मला तर येत नाही. वर सल्ला: घाई करू नका, रोज ट्रेलरपाशी खायला घाला, आधी रॅम्पवर, मग आत, आठ-दहा दिवसांत आपली आपण जाईल. बाई कुठेत, असंही विचारलं. हवापालट म्हटलं. तर म्हणतो, घोडी दिवसभर फाटकाकडे तोंड करून उभी असते, वाट बघत असणार. माणूस खिळे ठोकतो आणि मानसशास्त्र सांगतो.

तरी मन मोठं करून ट्रेलर फिनेलने धुतला. तीन बाटल्या. आता घोडी ट्रेलरच्या दहा फुटांच्या आत येत नाही. मलाही आत गेलं की डोळ्यांना पाणी येतं. पण रक्ताचा वास गेला हे नालबंदालाही मान्य करावं लागेल.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ६
नवीन धोरण. नालबंदाचाच मुद्दा, फक्त दहा दिवसांचं काम एका दिवसात. तबेल्यातलं खाणं-पाणी बंद. गवत ट्रेलरच्या आत, पाण्याची बादलीही आत. ज्याला गरज असेल तो येईल.

सकाळी १०
आली नाही.

दुपारी ३
रॅम्पपर्यंत आली. मान एवढी लांब होते याची मला कल्पना नव्हती. बाहेर उभी राहूनच गवताची जाळी दातांनी ओढली आणि अंगणात नेऊन खाल्ली. ओढताना बादली उलटली. दुसरी भरली नाही. धोरण म्हणजे धोरण.

संध्याकाळी ७
मुलीचा फोन. म्हणते, बाबा, आईला येऊ दे ना, ती नेईल. मी म्हटलं, आईला कशाला दगदग. मग एकदम म्हणाली की आई परत येणार नाहीये हे तुम्हाला कळतंय ना. लाइन खराब होती. दोनदा हॅलो हॅलो म्हणून ठेवला. उद्या मोबाइल कंपनीकडे तक्रार करायची.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
उद्या निघायचं म्हणून आज काम उरकायचं ठरवलं. गोडाऊनमधली हाताने फिरवायची विंच माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या वेळी कंपनीने भेट दिली नाही, तेव्हा आपली आपण आणली होती. तीन टन ओढते. ती ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवली, दोर मोरकीत अडकवला आणि फिरवायला लागलो. पहिली पाच मिनिटं उत्तम. माल सरकत होता. पुढचे पाय आत आले.

मग घोडीने अंग मागे टाकलं. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. मी आणखी चार फेरे दिले. ती उभी राहिली, डोकं छताला आपटलं, मोरकी तुटली आणि ती रॅम्पवरून आडवी खाली पडली. रॅम्पच्या कडेने मागच्या पायाचं कातडं गुडघ्यापासून खालपर्यंत निघालं.

शेजाऱ्यानेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. मी करणारच होतो. अकरा टाके. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कधी प्यायली. मी म्हटलं, सकाळी. त्यांनी हौदात बोट फिरवलं. बोट कोरडं. मग स्वतः बादली भरून आणली. तिने दोन बादल्या मान वर न करता प्यायल्या. तिसरीही अर्धी. मी दोर गुंडाळत होतो.

डॉक्टर म्हणाले, दहा दिवस पूर्ण विश्रांती, आणि पुन्हा असं दिसलं तर रीतसर तक्रार करीन. शिकलेल्या माणसाला बोलायची पद्धत नसते.

चार फेरे नव्हते. सात होते. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

८ मार्च, शनिवार
बायकोला मेसेज केला: गाडीचं काम निघालंय, एक दिवस उशीर. उत्तर आलं: ठीक. एकच शब्द, पण त्यात समजूतदारपणा आहे.

नवा शर्ट घालून बघितला. आकाशी. बरा दिसतो.

९ मार्च, रविवार. सकाळी ९
रात्रभर विचार केला. विश्रांती घ्यायचीच तर ती ट्रेलरमध्येही घेता येते. डॉक्टरांनी जागा सांगितली नव्हती.

अडचण घोडीच्या पायांत नाही, डोळ्यांत आहे. तिला ट्रेलर दिसतो म्हणून ती अडते. डोळे बांधायचे. बायकोची शाल काढायला कपाट उघडलं. कपाटात नुसते हँगर. सगळे एका दिशेला तोंड करून. कपडे ड्रायक्लीनिंगला टाकून गेलेली दिसते. पावती सापडली नाही.

शेवटी अंगावरचा आकाशी शर्ट काढला आणि तिच्या डोळ्यांवर बांधला.

सकाळी ११.३०
जे झालं ते क्रमाने लिहितो.

घोडी चढली. लंगडत, चाचपडत, पण चारही पायांनी आत. शंभर टक्के. हे नोंदवून ठेवणं महत्त्वाचं आहे. मी पुढे होतो, बनियनवर, नव्या मोरकीचा दोर धरून. आता फक्त मागे जाऊन अडसर लावायचा. तेवढ्यात फोन वाजला. फोन शर्टाच्या खिशात होता. शर्ट घोडीच्या डोक्यावर होता.

ती उलट्या पावली बाहेर गेली. मोरकीचा दोर माझ्या मनगटाला, म्हणून रॅम्पच्या शेवटापर्यंत मीही गेलो. तिथून ती एकटी. डोळे बांधलेले, डोक्यावर फोन वाजतोय, कुंपण तोडून शेजाऱ्याच्या टोमॅटोच्या वाफ्यातून सरळ त्याच्या घराच्या भिंतीकडे.

शेजाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. पळाला नाही, ओरडला नाही. भिंतीच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात काहीतरी बोलायला लागला. ती थांबली. त्याने शर्ट सोडला, तिच्या मानेवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. माझा फोन. बायको होती. त्याने तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे विंच, पाणी, टाके, आजचं. बावीस मिनिटं. मी कुंपणाशी बनियनवर उभा. दुसऱ्याचा फोन घेणं बरं दिसत नाही, हे त्याला योग्य वेळी सुनावणार आहे.

मग त्याने फोन मला दिला. बायको म्हणाली, पुढच्या रविवारी मी येते. तोवर घोडीच्या अंगाला हात लावू नका. खाणं-पाणी शेजारी बघतील. आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं चिडेल.

तीन टाके उसवले. डॉक्टर आले होते, पण माझ्याशी बोलले नाहीत.

११ मार्च, मंगळवार
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं: बायको घरी येते आहे. मी एकशे चाळीस किलोमीटर जाऊन जे करणार होतो, ते आता इथेच होणार. डिझेलही वाचलं.

घर साफ केलं. दिवाणखान्याचे पडदे धुतले, आटले, तरी लावले. तिच्या कपाटाला आतून नवा कागद चिकटवला.

१४ मार्च, शुक्रवार
घोडी आता शेजाऱ्याच्या हातून सफरचंद खाते. मी लांबून बघतो. मी अंगणात उतरलो की ती तबेल्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करते. जखम दुखत असणार.

संकल्प: रविवारी झालं गेलं काढायचं नाही. बायकोला माफी मागायला लावायची नाही. आल्याबरोबर जेवण. मुलीलाही बोलावलं, तिला जमणार नाही म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते नीट कळलं नाही. लाइन अजून खराब.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९
कोंबडी भाजायला ठेवली. बटाटे सोलून तयार. दोन ताटं. आकाशी शर्ट धुतला पण घोडीची लाळ जात नाही, म्हणून पांढरा घातला.

दुपारी २
ती साडेदहाला आली. एकटी, बहिणीची गाडी घेऊन. घरात आली नाही, थेट तबेल्यात गेली. घोडी हिणहिणली. तसा आवाज मी या पंधरवड्यात एकदाही ऐकला नव्हता. बायको खाली बसली, जखमेच्या कडेने बोट फिरवलं, खूप वेळ. मी मागून सांगितलं की आता बरंच भरलंय. डॉक्टरांशी बोलून आले आहे, सावकाश नेली तर चालेल, एवढं तिने घोडीला सांगितलं. घोडीलाच. मी तिथेच होतो.

नंतर तबेल्यातलं जुनं, मळकं गवत दोन पाट्या उचलून ट्रेलरमध्ये पसरलं. मी म्हटलं, अगं घाण आहे ते. पुढचं छोटं दार उघडून उजेड केला. दोर ढिला धरला आणि स्वतः आधी चढली, घोडीकडे पाठ करून. ओढलं नाही, बघितलंही नाही.

घोडी रॅम्पपर्यंत आली आणि थांबली. मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मला बरं वाटलं. मी म्हटलं, बघ, माझ्याशिवाय नाही चढणार.

बायको आतूनच म्हणाली, तुम्ही जरा घरात जाता का? तुम्ही दिसताय तोवर ती चढणार नाही.

मी गेलो. दिवाणखान्याच्या खिडकीतून पडद्याच्या फटीने बघितलं. पडदा आटलेला असल्यामुळे नीट दिसलं. मी दाराआड झालो आणि घोडीने मोठा श्वास सोडला, गवत हुंगलं आणि वर गेली. चार पायांनी. घड्याळ लावलं होतं: चाळीस सेकंद.

शेजाऱ्याने अडसर लावला. ट्रेलर खाटकाकडे मीच परस्पर पोचवीन असं बायकोने त्याला सांगितलं. मग ती दारापर्यंत आली. मी म्हटलं, कोंबडी झालीच आहे. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून घराची किल्ली पायपुसण्याशेजारच्या स्टुलावर ठेवली, आणि आत गेल्याबद्दल थँक्यू म्हणाली. थट्टा नव्हती. मनापासून म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझे एवढ्या मनापासून आभार मानल्याचं आठवत नाही.

कोंबडी जरा करपली.

संध्याकाळी ६
मुलीचा फोन. आज लाइन स्वच्छ होती. विचारलं, नीट झालं का सगळं. मी म्हटलं, एकदम नीट. आई काही बोलली का? मी म्हटलं, बोलली ना, आत जा म्हणाली.

मुलगी एकदम मऊ आवाजात म्हणाली, म्हणजे आई घरात आली होती? बसलात तुम्ही दोघं?

मी म्हटलं, नाही. मी एकटाच.